दाताच्या डॉक्टरकडे न्यायच्या आधी पोरांना श्वास शिकवा

माझी पोरगी सहा वर्षांची, दाढ किडली म्हणून दवाखान्यात नेलं तर आतल्या मशीनचा आवाज ऐकूनच "मम्मी घरी चल, लई आवाज येलालाय" म्हणत माझी ओढणी मुठीत गच्च धरून बसली, खुर्चीवर चढलीच नाही. मी आपलं "मोठा श्वास घे, मोठा श्वास घे" करत होते आणि ती अजूनच भराभर श्वास घ्यायला लागली. भीती एकदा चढली की नवीन काही डोक्यात शिरत नाही ओ, हे आधी घरी शिकवावं लागतं.

आठवडाभर आधीपासून रोज झोपताना पाच मिनिटं द्या. उताणं झोपवायचं, पोटावर छोटा टेडी ठेवायचा, नाकाने श्वास घेतला की टेडी वर, सोडला की खाली. घेताना तीन मोजा, सोडताना पाच. सोडणं लांब पाहिजे, खरं काम तिथंच होतं, सावकाश श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात आणि अंग सैल पडतं. श्वास कोंडून धरायला लावू नका, गरगरलं तर थांबा.

आकड्यांना कंटाळतात पोरं. मग तव्यावरनं उतरलेल्या भाकरीचा वास नाकाने ओढायचा आणि वाफेवर हळूच फुंकर मारायची. नाहीतर आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत मिळतात ते साबणाचे फुगे आणा, जोरात फुंकलं की फुटतात, हळू फुंकलं की मोठा फुगा येतो, न सांगताच कळतं त्यांना.

पण खुर्चीवर तोंड उघडं असतं, तिथं फुंकर चालत नाही! म्हणून शेवटचे दोन-तीन दिवस आरशासमोर 'आ' करून फक्त नाकाने श्वास घ्यायची प्रॅक्टिस करा, हे बहुतेक जण विसरतात. नाक चोंदलं असेल तर आधी फोन करून डॉक्टरांना सांगा, पण दुखत असेल किंवा सूज असेल तर थांबू नका.

"काहीच दुखणार नाही" असं कबूल करू नका, एकदा खोटं निघालं की विश्वास जातो. त्यापेक्षा डाव्या हाताची खूण डॉक्टरांशी आधीच ठरवा, हात वर केला की थांबायचं.

दुसऱ्या वेळी मी तिच्या पायाशी बसले होते, ड्रिल चालू असताना फ्रॉकखाली पोट सावकाश वर-खाली होताना दिसत होतं. दोनदा हात वर केला, दोन्ही वेळेस डॉक्टर थांबले, मग तिनेच परत 'आ' केलं.