जुनी आरएक्स-८ घेताय? इंजिन तापवा, बंद करा आणि मग परत सेल्फ मारून बघा

सेकंडहँड माझदा आरएक्स-८ किंवा आरएक्स-७ बघायला गेलं की बहुतेक जण रंग बघतात, सीटा बघतात, किलोमीटर बघतात, आणि मग इंजिनचा तो सलग चढत जाणारा आवाज ऐकला की मनातल्या मनात सौदा होऊन जातो. थांबा जरा. या गाडीत बाकी सगळं हळूहळू नीट करता येतं, पण इंजिन गेलं तर गाडीच्या किमतीएवढा खर्च अंगावर येऊ शकतो, आणि इंजिन बसत आलंय हे पहिल्या दहा मिनिटांत कळेलच असं नाही.

का ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. या गाड्यांत रोटरी इंजिन असतं. इथे पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, हाउसिंग म्हणजे बाहेरच्या कवचात तिकोनी रोटर फिरतो आणि त्याच्या तिन्ही टोकांवर बारीक पट्ट्या असतात त्यांना एपेक्स सील म्हणतात, त्या हाउसिंगच्या आतल्या भिंतीला सतत घासत जातात आणि दाब धरून ठेवतात. साठच्या दशकात माझदाच्या इंजिनिअरांना हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर जे ओरखडे सापडायचे त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे, म्हणजे हे दुखणं जन्मापासूनचं आहे. सील झिजले की दाब निसटतो. थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं त्यामुळे भागून जातं, गरम झालं की ऑइल पातळ होतं आणि खरी अवस्था बाहेर येते.

म्हणून गाडी थंडही बघायची आणि गरमही. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवून बघा. थंड इंजिन पटकन चालू झालं पाहिजे. सुरुवातीला थोडी वाफ दिसली तर घाबरू नका, पण पांढरा धूर इंजिन तापल्यावरही चालूच राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जातंय, म्हणजे कूलंटचे सील गेलेत. इंजिन थंड असतानाच कूलंटच्या टाकीचं झाकण काढून लेव्हल बघून घ्या, आणि चालू झाल्यावर टाकीत बुडबुडे येतच राहिले तर तिथूनच परत फिरा. गरम इंजिनचं झाकण मात्र कधीच उघडू नका. आणि आरएक्स-८ च्या टेम्परेचरच्या काट्यावर विसंबू नका, तो बऱ्याच मोठ्या रेंजमध्ये मधेच बसून राहतो आणि वर सरकतो तोपर्यंत उशीर झालेला असतो.

आता गरम. निदान वीस-पंचवीस मिनिटं चालवा, तापल्यावर एक-दोनदा रेडलाईनपर्यंत, म्हणजे इंजिनच्या वेगाच्या वरच्या मर्यादेपर्यंत न्या (सहा गिअरच्या मॅन्युअल आरएक्स-८ ला ती ९००० आरपीएमला आहे), मग गाडी बंद करा आणि दहा मिनिटं गप्पा मारा, मग परत सेल्फ मारा. हीच खरी परीक्षा.

मी मित्राबरोबर एक गाडी बघायला गेलो होतो तेव्हा मालक पूर्ण वेळ इंजिन चालूच ठेवून बोलत होता, टेस्ट ड्राईव्ह झाली, कागदपत्रं बघून झाली, तरी चालूच. शेवटी मित्राने आत हात घालून चावी फिरवली. दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर स्टार्टर फिरतोय फिरतोय, इंजिन नुसतं मधेच एखादं पकडल्यासारखं करतंय आणि सोडतंय, चौथ्या वेळेला कसंबसं लागलं. मालक म्हणाला बॅटरी वीक आहे. पण बॅटरी वीक असती तर स्टार्टर रडत फिरला असता, हा तर चांगला जोरात फिरत होता. आम्ही नमस्कार करून निघालो.

स्टार्टर कधी बदललाय तेही विचारा. सुरुवातीच्या आरएक्स-८ चा स्टार्टर हळू फिरायचा म्हणून पुढे जास्त वेगाने फिरणारा आला, तो बसवणं चांगलंच आहे, पण नवा जोरकस स्टार्टर कमजोर इंजिनचं दुखणं काही महिने झाकूनही ठेवतो.

उलट एक गोष्ट उगाच बदनाम आहे, ती म्हणजे फ्लडिंग. थंड गाडी चार फूट हलवून लगेच बंद केली की इंजिनात पेट्रोल साचतं आणि परत लागत नाही. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवून सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात आणि साचलेलं पेट्रोल निघून जातं. एकदा झालं तर हरकत नाही, वारंवार होत असेल तर संशय घ्या.

या सगळ्यानंतरही गाडी आवडलीच तर कॉम्प्रेशन टेस्टशिवाय, म्हणजे आतला दाब मोजून घेतल्याशिवाय, पैसे देऊ नका. आणि टेस्ट रोटरीचीच हवी. साधा गेज फक्त सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो, म्हणजे रोटरच्या तीन बाजूंपैकी दोन मेलेल्या असल्या तरी तिसरीचा आकडा बघून तुम्ही खूश होणार. रोटरीचा टेस्टर दोन्ही रोटरचे मिळून सहा आकडे देतो आणि इंजिन किती आरपीएमला फिरत होतं तेही सांगतो. आरपीएम नसलेला रिपोर्ट मी तरी मानत नाही, कारण स्टार्टर जोरात फिरला की आकडे आपोआप वर जातात. आरएक्स-८ साठी २५० आरपीएमला ८३० किलोपास्कल म्हणजे साधारण १२० पीएसआय हे चांगल्या इंजिनचं माप, आणि ६८० किलोपास्कल ही खालची मर्यादा. एकाच रोटरच्या तीन बाजूंत १५० किलोपास्कलपेक्षा जास्त आणि दोन रोटरमध्ये १०० पेक्षा जास्त फरक नको. टेस्ट गरम इंजिनवर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही बंद करून, आणि बॅटरी फुल चार्ज असताना. उंचावरच्या गावात आकडे थोडे कमी येतात तेही लक्षात असू द्या.

तो टेस्टर कुठेच मिळाला नाही तर साध्या गेजमधला हवा अडवणारा छोटा व्हॉल्व्ह काढून टाका आणि सेल्फ मारून काट्याकडे बघा, तो टक टक टक असा तीनदा सारखा उडाला पाहिजे. टक टक आणि मग रिकामं, असं येत असेल तर आतला कुठलातरी सील गेलाय. आकडा खात्रीचा नसतो पण ताल खोटं बोलत नाही.

पिकअप कमी वाटला म्हणून लगेच इंजिनला दोष देऊ नका. आरएक्स-८ चे, प्लगला ठिणगी पुरवणारे इग्निशन कॉइल बरेच लवकर थकतात, मिसफायर होतं, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो चोंदतो, मग वरच्या आरपीएमला गाडी दबते आणि अडकलेली उष्णता सीलच्या जिवावर उठते. म्हणून कॉइल आणि प्लग कधी बदलले त्याची बिलं मागा, स्कॅनर लावून पी०३००, पी०३०१, पी०३०२ हे मिसफायरचे कोड आहेत का बघा, आणि कोड नुकतेच पुसलेत का तेही बघा.

ऑइलचं म्हणाल तर रोटरी ऑइल पितंच, पंप मुद्दाम थोडं ऑइल आत सोडतो, सीलना तेच वंगण. त्यामुळे "आमची गाडी ऑइल अजिबात खात नाही" हे ऐकून खूश व्हायचं नाही, उलट काळजी करायची. २००९ पासूनच्या आरएक्स-८ मध्ये ही व्यवस्था सुधारली, दर रोटरला ऑइलचा तिसरा इंजेक्टर आला, मी त्याच शोधेन. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर ती बऱ्याचदा नुसत्या दमटपणाची असते, डिपस्टिकवरही तसंच दिसलं तर मात्र गंभीर.

शेवटच्या पिढीची आरएक्स-७ असेल तर टर्बोचा दाब दाखवणारा बूस्ट गेज लावून चालवा. दोन टर्बो एकामागून एक येतात, आधी १० पीएसआय, मग ४५०० च्या आसपास ८ पर्यंत उतरून परत १०, असं आलं तर टर्बोंची ही अदलाबदल सांभाळणारं व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जाळं शाबूत आहे.

आणि "इंजिन रिबिल्ड केलंय" असं कुणी म्हणालं तर एवढंच विचारा की फक्त सील बदलले की हाउसिंगही, आणि खोललेल्या हाउसिंगचे फोटो आहेत का. खरवडलेल्या भिंतीवर नवे सील बसवलेलं इंजिन मी जुनंच समजतो आणि तेवढीच किंमत सांगतो.