कॉन्सर्टच्या आधी डाउनटाउनमध्ये मेक्सिकन खायचंय?

शो आठला, आणि साडेसहाला हॉलजवळचं प्रत्येक रेस्टॉरंट फुल्ल, मग अर्धवट खाऊन पळापळ. मी आता असं करते:

१. अगदी हॉलसमोरचं रेस्टॉरंट सोडा, दहा-बारा मिनिटं चालत जाता येईल असं शोधा, गर्दी पहिल्या एक-दोन गल्ल्यांतच अडकते. गाडी आधी हॉलजवळ लावायची आणि मग जेवायला चालत जायचं, उलटं केलंत तर ऐनवेळी पार्किंग शोधत फिराल.

२. शोच्या अडीच तास आधीचं टेबल बुक करा.

३. मेनू फोनवर आधीच बघून ठेवा. टाको, केसादिया तव्यावरून पटकन येतात, एन्चिलाडा बऱ्याच ठिकाणी ओव्हनमध्ये जातो आणि वरचं चीज बुडबुडेपर्यंत आपण घड्याळ बघत बसतो, तो निवांत दिवशी खा.

४. ऑर्डर देतानाच शोची वेळ सांगा, जेवण टेबलावर आलं की लगेच बिल मागा. खरा वेळ इथेच वाचतो.

शाकाहारी असाल तर घोटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का ते नक्की विचारा, पारंपरिक पद्धतीत ती घालतात आणि मेनूवर लिहिलेलं असेलच असं नाही.