‘रन’ म्हणजे नुसतं धावणं नव्हे
संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात ‘रन’ शिकवताना मी आधी फळ्यावर ‘लागणे’ लिहिते. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकालही लागतो. अर्थ शेजारचा शब्द ठरवतो. ‘रन’चंही तसंच.

म्हणून आधी कर्ता बघा. माणूस धावतो, नळ वाहतो, मशीन चालतं, नाक गळतं. पुढे कर्म आलं, जसं ‘शी रन्स अ शॉप’, की अर्थ ‘चालवते’. मागचं शेपूट तर नीट तपासाच: ‘वी रॅन आउट ऑफ शुगर’ म्हणजे साखर संपली, क्रिकेटमधला ‘रन आउट’ मात्र धावबाद.

वहीत सुटा शब्द नको, अख्खं वाक्य लिहा, तेही स्वतःचं. माझी एक विद्यार्थिनी पोळी-भाजी केंद्र चालवते. ‘आय रन अ किचन’ हे तिचं पहिलं वाक्य. दोनदा म्हणाली, दुसऱ्यांदा मोठ्यानं.