रंग शेवटी! जुनी गाडी पुन्हा चालती करताना या चुका टाळा

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी येते, निम्मी गर्दी सोनं लुटायचं विसरून गाडीकडंच बघत राहते, आणि दिवाळी झाली की माझा फोन वाजायला लागतो. "काका, एक पद्मिनी मिळतीया. बारा वर्षं गोठ्यात उभी हाय. घेऊ काय?" घे की. नको म्हणणारा मी कोण? माझ्या शेडमध्येही एक प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, आहे. तिच्यावर सहा वर्षं घालवली, त्यातली दोन तरी माझ्याच चुका निस्तरण्यात गेली. वैताग एवढ्याचाच येतो की पुढच्या वर्षी नवा पोरगा येतो आणि चूक मात्र जुनीच घेऊन येतो.

त्यातली पहिली म्हणजे आधी रंग.

कागलकडचा एक पोरगा भावाच्या वरातीसाठी गाडी तयार करून माझ्याकडं आला. काय चमक होती! क्रोम नवं, सीटकव्हर नवी, रंग आरशासारखा. तक्रार एवढीच की खड्ड्यात गेलं की मागून 'कर्र' असा आवाज येतो. माझ्या खिशात जुन्या स्पीकरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळलेलं असतं. दाराच्या खालच्या कडेला लावलं, चिकटलं नाही. चाकाच्या कमानीला लावलं, तिथंही नाही. पोराचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी गाडीखाली आडवा झालो आणि दाराखालच्या पोकळ पेटीला स्क्रू ड्रायव्हर टेकवला. जोर लावलाच नव्हता, तरी तो मुठीपर्यंत आत गेला. गंजलेल्या पत्र्यावर जाळी, जाळीवर बोटभर पुट्टी आणि पुट्टीवर रंग, असं सगळं होतं. पुट्टी पाणी धरून ठेवते आणि आपल्याकडचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. एका पावसाळ्यात रंगाला फोड आले. पत्रा बदलायला वेल्डिंग केलं तेव्हा नवा रंग जळला, इंजिन काढताना मडगार्डला ओरखडे पडले. रंगाचे पैसे दोनदा गेले आणि वरात निघाली ती भाड्याच्या गाडीतून.

आमचे वस्ताद म्हणायचे, आधी गाडी थांबायला शिकव, मग चालायला, मग नटायला. मी तोच क्रम धरतो: पत्रा, ब्रेक, इंजिन, वायरिंग आणि सगळ्यात शेवटी रंग. तोही आषाढात नाही. दमट हवेत मारलेल्या रंगावर पांढुरकी झाक येते आणि मग पेंटरच्या नावानं शिमगा होतो. मोबाईलवर तीस सेकंदांत भंगाराची नवरी झालेली बघून येणाऱ्यांना हे पटत नाही. त्या तीस सेकंदांत वेल्डिंग कुणी दाखवत नाही.

वेल्डिंगवरून माझीच एक चूक सांगतो. पद्मिनीला खाली वेगळी चेसिस नसते, बॉडी हीच चेसिस. हे माहीत असूनही मी एका रविवारी उत्साहात दोन्ही बाजूंच्या दाराखालच्या पेट्या एकदम कापल्या. गाडी पुढं-मागं लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) उभी होती, मधे आधार काही नव्हता. बॉडी केसभर बसली. केसभरच, पण नव्या पेट्या त्याच अवस्थेत जोडल्यामुळं मागची दारं लागेनात. सगळं पुन्हा कापलं. आता मी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे चौकोनी पाइप टाचून घेतो, एका वेळी एकच बाजू उघडतो आणि रोज संध्याकाळी दार लावून फटीत आइस्क्रीमची काडी फिरवून बघतो. पुस्तकात याहून चांगली पद्धत असेलही, मला काडीवर भरवसा आहे.

दुसरी लाडकी चूक: वर्षानुवर्षं उभ्या गाडीला ओढून चालू करणं.

हा किस्सा शिरोळ तालुक्यातला. उसाच्या फडाजवळ अकरा वर्षं उभी असलेली गाडी. मी पोचायच्या आधी बॅटरी लावून झाली होती, स्टार्टर नुसता 'टक' म्हणून गप्प. मी म्हटलं, स्पार्क प्लग काढा, चारी सिलिंडरमध्ये तेल सोडा, आठवड्यानं बघू. मालकाचे मेहुणे म्हणाले, "आठवडा कशाला? ट्रॅक्टर हाय की!" मी चहा घेत होतो, तेवढ्यात दोरखंड बांधून झाला. टॉप गिअर टाकला, ट्रॅक्टरनं हिसका दिला, मागची चाकं ओल्या मातीत घसरत गेली आणि मग इंजिन एकदम फिरलं. आवाज असा आला की शेडवरची कबुतरं उडाली. खोलल्यावर दोन पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या, केळीसारखे वाकलेले, कारण व्हॉल्व्ह गंजून गाइडमध्ये अडकले होते. एका पिस्टनच्या रिंगा तुटून सिलिंडरला उभे चरे पडलेले. आठवड्याचं काम सिलिंडर कातून घेण्यावर, बोअरिंगवर गेलं. मेहुणे त्यानंतर मला दिसले नाहीत.

मी काय करतो तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मं-निम्मं, दोन-तीन चमचे. रोज सकाळी थोडं थोडं. वरचं झाकण काढून रॉकरवर तेल. आठ दिवसांनी टॉप गिअर टाकून गाडी हातानं मागं-पुढं हलवायची. हलली तर पाना लावून इंजिनला हातानंच दोन पूर्ण फेऱ्या. कुठं अडली तर थांबायचं, जोर करायचा नाही. मग जुनं ऑइल बदलायचं, टाकी उतरवून धुवायची, कार्बोरेटर साफ करायचा आणि प्लग बाहेर ठेवूनच स्टार्टर मारायचा. ऑइलचं प्रेशर दिसलं की मग प्लग. कंटाळवाणं आहे, खरं आहे. पण 1089 सीसीचं हे इंजिन बिचारं साधं आहे. त्याला वेळ दिला की ते ऐकतं.

सिलिंडरवर बसणारं इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. गरम असताना खोललं की वाकतं.

नट-बोल्ट एकाच सिमेंटच्या पोत्यात भरणाऱ्यांशी मी बोलत नाही. दर नटाला पिशवी, पिशवीवर चिठ्ठी, आणि काढण्याआधी फोटो.

ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल घालू नका. रबरी वॉशर फुगतात आणि गाडी भलत्या ठिकाणी थांबते किंवा थांबतच नाही.

उद्यमनगरातल्या कारखान्यांत नमुना दिला की काहीही बनवून मिळतं, हे आपलं भाग्य. पण माप लिहून घ्या, फोटो काढा आणि मूळ तुकडा परत मागा. माझा एक दाराचा हँडल नमुना म्हणून गेला आणि भट्टीत गेला. तेव्हापासून असले तुकडे मी मुंबईहून आणतो. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली, सुटे भाग अजून फिरतायत.

स्वस्तात मिळते म्हणून पुरात बुडालेली गाडी घेऊ नका. 2019 आणि 2021 नंतर अशा बऱ्याच गाड्या धुऊनपुसून विकायला आल्या. हेडलाइटची वाटी काढा, डॅशबोर्डमागं बोट फिरवा, गालिचाखाली बघा. पंचगंगेचा बारीक गाळ सगळीकडून निघत नाही.

कागद आधी बघा, गाडी नंतर. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि पत्र्यावरचा नंबर जुळला पाहिजे. नंबरवर पॉलिशपेपर फिरवलेला दिसला तर चहा पिऊन परत या. 50 वर्षांहून जुन्या गाडीला 2021 च्या नियमानं व्हिंटेजची 'व्हीए' नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण गाडी मूळ रूपात हवी आणि रोजच्या वापराला ती चालत नाही. "काका, मारुतीचं इंजिन बसवू काय?" विचारणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

आणि पेट्रोलच्या नळ्या. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. त्यातलं काही आपल्याच उसाचं असेल, अभिमान आहे, पण जुन्या रबराला ते सोसत नाही. नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचं पॅकिंग सगळं फुगतं, मग चिरतं, आणि पेट्रोल गरम इंजिनवर थेंबथेंब गळतं. सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या. महिनाभर गाडी काढणार नसाल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा. मी अजूनही गाडी बंद केल्यावर पाच मिनिटं बॉनेट उघडून वास घेतो. बायको हसते. हसू दे.