दंगलीत भाड्याचं घर जळालं, आता भाडं भरायचं का?

घरच राहिलं नाही म्हणजे भाडं आपोआप थांबलं असं धरून गप्प बसू नका, खरा घोळ इथंच होतो. इंग्लंडात १६४७ साली, यादवी युद्धाच्या काळात, एका भाडेकरूला सैन्यानं जमिनीवरून हुसकावून लावलं होतं तरी कोर्ट म्हणालं करार केलायस ना, मग भर भाडं. आता एवढं वाईट नाही. फ्रान्सच्या कायद्यात घर पूर्ण गेलं की करार संपतो, अर्धवट गेलं तर भाडं कमी करून मागता येतं किंवा करार मोडता येतो. भारतात १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मधे आग, वादळ, पूर यांच्या जोडीला जमावाचा हिंसाचार असं चक्क लिहिलंय. करारात वेगळं काही नसेल आणि घर कायमचं निकामी झालं असेल तर करार रद्द करायचा पर्याय भाडेकरूला आहे. पर्याय म्हणजे तो तुम्हीच वापरायचा, नाहीतर करार चालूच राहतो.

म्हणून आधी ठरवा, सुटायचंय का परत यायचंय. सुटायचं असेल तर चार ओळींची नोटीस पुरते: अमुक तारखेला जमावानं जाळपोळ केली, घर राहण्यालायक उरलं नाही, आजपासून करार रद्द धरा, डिपॉझिट आणि आगाऊ दिलेलं भाडं परत करा. पोचपावती येईल अशा पद्धतीनं पाठवा आणि मेलही टाका, फोनवर बोललेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

परत यायचं असेल तर मात्र उलट, असलं काही लिहून देऊ नका. मालक गोड बोलून 'रिपेअर होईपर्यंत किल्ली देऊन ठेवा' म्हणतो तेव्हा, दुरुस्तीनंतर जागा मलाच मिळणार, एवढं त्याच्या सहीनं घ्या. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की बिल्डिंग पडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, खालच्या जमिनीवर तो उरतो. पण हे भाडेकराराचं झालं. हातात लीव्ह अँड लायसन्स असेल, म्हणजे जागेवर हक्क नाही, फक्त वापरायची परवानगी, तर जागा नष्ट झाली की लायसन्सही गेलं असं १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्यात आहे, तेव्हा कागदावर नेमकं काय लिहिलंय ते आधी बघा.

पुरावा सगळ्यात जास्त लागतो. मलबा उचलायच्या आधी फोटो काढा, दार, छत, वितळलेला मीटर, सगळं. पोलिसात तक्रार द्या आणि तिची प्रत मागून घ्या. सामानाच्या यादीसाठी फोनमधले जुने फोटो चाळा, वाढदिवसाच्या फोटोत केकच्या मागे फ्रिज आणि टीव्ही दिसतो ना, तोच तुमचा पुरावा.

मालकाचा विमा साधारणपणे भिंती-छतापुरता असतो, तुमच्या कपाटाचे पैसे त्यातून मिळतील या आशेवर राहू नका. स्वतःचा असेल तर पॉलिसीत दंगल आणि संप हे शब्द शोधा, हे बऱ्याचदा कव्हर असतं पण युद्ध, यादवी, बंड बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं, आणि कंपन्या याच शब्दांवर भांडतात. कंपनीला लगेच कळवा, उशीर झाला की तेच कारण पुढे करतात.

करारच जळाला असेल तर? नोंदणी केली असेल तर नोंदणी कार्यालयातून नक्कल मिळते. नसेल तर दर महिन्याला मालकाच्या खात्यात गेलेलं भाडं बँकेच्या स्टेटमेंटवर दिसतंच.