सी भाषा शिकताना होणाऱ्या नेहमीच्या चुका आणि त्या दुरुस्त करण्याची रीत

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात डिप्लोमा, बीएस्सी आयटी किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या अनेक विद्यार्थ्यांची प्रोग्रामिंगशी पहिली ओळख सी भाषेतून होते, आणि त्यांच्या चुकाही वर्षानुवर्षे त्याच असतात. सेमीकोलन विसरणे, कंस बंद न करणे यांसारख्या चुका कंपाइलर, म्हणजे आपला कोड संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम, लगेच पकडतो. त्या वेळ खातात, पण प्रोग्राम चालतच नसल्यामुळे त्यांच्यापासून धोका नसतो. खरा त्रास देतात त्या चुका, ज्यांत प्रोग्राम विनातक्रार कंपाइल होतो, चालतो, आउटपुटही देतो, आणि ते आउटपुट चुकीचे असते. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी ही भाषा घडवली, ती प्रोग्रामरला थेट मेमरीपर्यंत पोहोचू देण्यासाठी. त्यामुळे ॲरेची (एकाच प्रकारच्या किमतींच्या रांगेची) हद्द ओलांडली गेली का, व्हेरिएबलमध्ये (किंमत ठेवण्याच्या नाव दिलेल्या जागेत) किंमत भरलेली होती का, हे सी स्वतःहून तपासत नाही. पुढचे मार्गदर्शन मुख्यतः अशा न दिसणाऱ्या चुकांविषयी आहे. कोडचे तुकडे येथे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहावेत.

आधी कंपाइलर आणि त्याच्या वॉर्निंग

बोरलँड कंपनीने १९८७ मध्ये डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बाजारात आणलेला टर्बो सी हा कंपाइलर आजही अनेक लॅबमध्ये आणि घरच्या लॅपटॉपवर दिसतो. अभ्यासासाठी तो आता वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागे ठोस कारणे आहेत. टर्बो सीमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवण्याचा प्रकार, दोन बाइटचा असतो आणि त्यात −३२७६८ ते ३२७६७ एवढ्याच संख्या मावतात. ठाण्याचा पिनकोड ४००६०१ अशा इंटमध्ये ठेवून छापला, तर पडद्यावर ७३८५ दिसते, कारण संख्येचा वरचा भाग कापला जातो. विद्यार्थी मग आपल्या तर्कात चूक शोधत बसतो, जी तेथे नसतेच. शिवाय 'व्हॉइड मेन', पडदा पुसणारे 'सीएलआरएससीआर' आणि कळ दाबेपर्यंत थांबणारे 'गेटसीएच' या सवयी तेथूनच लागतात आणि दुसऱ्या कंपाइलरवर गेल्यावर अडचण करतात. मेन, म्हणजे प्रोग्राम जेथून सुरू होतो ते फंक्शन, नेहमी 'इंट मेन' असे लिहावे, आणि पडदा पुसण्याच्या फंक्शनवाचून काही अडत नाही.

त्याऐवजी जीसीसी किंवा क्लँग हा कंपाइलर वापरावा. कोड ब्लॉक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरबरोबर जीसीसी घेता येतो. कंपाइल करताना हायफननंतर कॅपिटल डब्ल्यू आणि त्याला जोडून 'ऑल', तसेच त्याच पद्धतीने 'एक्स्ट्रा', हे दोन पर्याय कायम द्यावेत. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी बऱ्याच चुकांची वॉर्निंग या दोन पर्यायांमुळे आपोआप मिळते. वॉर्निंग आली तरी प्रोग्राम चालतो म्हणून ती सोडून देणे ही नवशिक्यांची सर्वांत महागात पडणारी सवय आहे. एकही वॉर्निंग शिल्लक नसेल तेव्हाच प्रोग्राम चालवून पाहावा.

एरर वाचण्याचीही रीत आहे. यादीत वीस एरर असल्या तरी फक्त पहिली वाचावी, ती दुरुस्त करावी आणि पुन्हा कंपाइल करावे. उरलेल्या पुष्कळशा पहिलीच्याच पोटी आलेल्या असतात. दाखवलेल्या ओळीत काही चुकीचे दिसत नसेल, तर तिच्या वरची ओळ पाहावी, कारण सेमीकोलन राहिल्याचे कंपाइलरला पुढच्या ओळीवर गेल्यावर कळते. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असा संदेश आला, तर तो लिंकरकडून, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी एकत्र जोडणाऱ्या प्रोग्रामकडून, आलेला असतो: फंक्शनचे नाव चुकलेले असते, किंवा लायब्ररी जोडायची राहिलेली असते. लिनक्सवर वर्गमूळ काढणारे फंक्शन वापरताना मॅथ लायब्ररी कमांडमध्ये वेगळी जोडावी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

संख्या आणि त्यांचे प्रकार

निकालाची टक्केवारी काढणे हा जवळजवळ प्रत्येकाचा सुरुवातीचा प्रोग्राम असतो, आणि तो हमखास चुकतो. '४१२ / ५०० * १००' याचे उत्तर सीमध्ये शून्य येते. दोन्ही संख्या पूर्णांक असल्यामुळे भागाकारही पूर्णांकात होतो, ४१२ भागिले ५०० म्हणजे ०, आणि शून्याला शंभराने गुणून शून्यच मिळते. उत्तर ठेवण्याचे व्हेरिएबल फ्लोट (दशांश संख्येचा प्रकार) केले, तरी फरक पडत नाही, कारण भागाकार त्याआधीच झालेला असतो. संपूर्ण भागाकाराला कंसात घालून बाहेरून फ्लोटमध्ये बदलणेही त्याच कारणाने निरुपयोगी आहे. '४१२ * १००.० / ५००' असे लिहिले की ८२.४ हे बरोबर उत्तर मिळते. गणितात एक तरी संख्या भागाकाराच्या आधीच दशांशाची असली पाहिजे.

आपल्या भागात दुसरी एक चूक फार सहज घडते. ठाणे, नवी मुंबई आणि मुंबईचा एसटीडी कोड ०२२ आहे. तो कोडमध्ये जसाच्या तसा ०२२ लिहून इंट म्हणून छापला, तर १८ छापले जाते. शून्याने सुरू होणारी संख्या सी अष्टमान पद्धतीतील समजते, आणि अष्टमान २२ म्हणजे दशमान १८. गाडीची वेळ लिहिताना कोणी तास ०८ असा लिहिला, तर कंपाइलर एरर देतो, कारण अष्टमानात ८ हा अंकच नाही. ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करायची नसते, ते संख्या म्हणून ठेवूच नयेत. एसटीडी कोड आणि मोबाइल क्रमांक स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ओळीच्या रूपात, ठेवावेत. दहा अंकी मोबाइल क्रमांक चार बाइटच्या इंटमध्येही मावत नाही; त्याची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे.

व्हेरिएबल घोषित करून त्यात किंमत न भरणे ही चूकही याच गटातली. बेरजेचे व्हेरिएबल फंक्शनच्या आत घोषित केले, तर ते शून्यापासून सुरू होईल याची कोणतीही हमी नाही. त्या जागी आधी जे काही पडलेले असेल तेच त्यात असते. म्हणून घोषणेच्या ओळीतच '= ०' लिहावे.

अटी आणि लूप

'इफ (वर्ग = १)' ही ओळ तुलना करत नाही; ती वर्गात १ भरते, आणि १ म्हणजे खरे, म्हणून अट प्रत्येक वेळी पूर्ण होते. तुलनेसाठी '==' हवे. हे सगळे शिकवतात. त्यापेक्षा कमी सांगितली जाणारी चूक दुहेरी तुलनेची आहे. रेल्वेत अनारक्षित प्रवासासाठी पाच वर्षे पूर्ण झालेल्या पण बारा पूर्ण न झालेल्या मुलांना अर्धे तिकीट लागते, म्हणून विद्यार्थी 'इफ (५ <= वय < १२)' असे वहीतल्या गणिताप्रमाणे लिहितो. सी आधी '५ <= वय' एवढेच पाहते, त्याचे उत्तर ० किंवा १ येते, आणि हे दोन्ही १२ पेक्षा लहानच असतात. परिणामी सत्तर वर्षांच्या आजोबांनाही अर्धे तिकीट मिळते. बरोबर अट 'वय >= ५ && वय < १२' अशी आहे.

इफ, फॉर किंवा व्हाइल यांच्या कंसानंतर लगेच सेमीकोलन दिले, तर अट तेथेच संपते आणि खालचा भाग अटीशिवाय एकदा चालतो. व्हाइलच्या बाबतीत प्रोग्राम अनेकदा तेथेच अडकून पडतो. स्विचमधील प्रत्येक केसच्या शेवटी ब्रेक आहे ना, हे तपासावे. एकच ओळ असली तरी महिरपी कंस घालावेत.

ॲरेची हद्द मात्र नीट समजून घेतली पाहिजे. ट्रान्स-हार्बर मार्गावर ठाण्याहून वाशीला जाताना ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा आणि वाशी अशी नऊ स्थानके लागतात. ही नावे ॲरेत ठेवली, तर ठाण्याचा क्रमांक ० आणि वाशीचा ८ असतो. ९ क्रमांकाचे स्थानक नाही. 'आय = ०; आय <= ९' असे लूप लिहिले की प्रोग्राम वाशीच्या पुढच्या, आपल्या मालकीच्या नसलेल्या मेमरीत जातो. तेथे कधी प्रोग्राम बंद पडतो, कधी निरर्थक अक्षरे छापतो, आणि कधी सर्व काही ठीक दिसते. या तिसऱ्या शक्यतेमुळेच 'घरी चालत होता, एक्स्टर्नलसमोर चालला नाही' अशी वेळ येते. लूप नेहमी 'आय < संख्या' असे लिहावे. आणखी एक बारकावा असा की स्थानके नऊ असली, तरी त्यांच्यामधील अंतरे आठच आहेत. प्रवासाचे एकूण अंतर काढणारे लूप आठदाच फिरले पाहिजे.

घटकांची संख्या हाताने न लिहिता 'साइझऑफ' वापरून काढता येते: संपूर्ण ॲरेचा आकार भागिले पहिल्या घटकाचा आकार. पण हा उपाय ॲरे जेथे घोषित केला आहे तेथेच लागू पडतो. फंक्शनला पाठवलेला ॲरे तेथे पॉइंटर (मेमरीतील पत्ता ठेवणारे व्हेरिएबल) म्हणून पोहोचतो, आणि ६४ बिट संगणकावर साइझऑफ पॉइंटरचा आकार, म्हणजे सामान्यतः ८ बाइट, सांगतो. म्हणून फंक्शनला ॲरेबरोबर संख्याही वेगळी द्यावी.

इनपुट आणि स्ट्रिंग

इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफमध्ये इंट किंवा फ्लोट व्हेरिएबलच्या आधी '&' हवे, कारण किंमत कोठे ठेवायची त्याचा पत्ता त्या फंक्शनला लागतो. फ्लोटसाठी '%एफ' आणि डबलसाठी '%एलएफ' लिहावे. डबलला '%एफ' दिल्यास आठपैकी चारच बाइट भरले जातात आणि किंमत भलतीच होते. प्रिंटएफमध्ये दोन्हींसाठी '%एफ' चालते, म्हणून गोंधळ होतो.

आधी संख्या वाचून नंतर '%सी' ने एक अक्षर वाचायला गेल्यास प्रोग्राम न थांबता पुढे निघून जातो, कारण संख्येनंतर दाबलेला एंटर इनपुटमध्ये शिल्लक असतो आणि तोच अक्षर म्हणून वाचला जातो. यावर 'एफफ्लश'ला एसटीडीइन (कीबोर्डवरून येणारे इनपुट) देण्याचा उपाय प्रॅक्टिकलच्या अनेक जर्नलमध्ये लिहिलेला आढळतो. सीच्या प्रमाण नियमांत त्याला कोणतेही निश्चित वर्तन दिलेले नाही, म्हणून तो वापरू नये. '%सी' च्या आधी एक मोकळी जागा सोडली की स्कॅनएफ शिल्लक एंटर स्वतःच ओलांडतो. स्कॅनएफ किती किमती वाचल्या ते परत सांगतो, तेही तपासावे: संख्येच्या जागी कोणी अक्षर टाइप केले, तर एका किमतीऐवजी ० परत येतो.

'%एस' मोकळ्या जागेपाशी थांबतो. शहराचे नाव 'नवी मुंबई' टाइप केले, तर स्ट्रिंगमध्ये फक्त 'नवी' येते आणि 'मुंबई' पुढच्या स्कॅनएफच्या वाट्याला जाते. पूर्ण ओळ वाचण्यासाठी 'एफगेट्स' वापरावे आणि त्याने शेवटी ठेवलेला एंटर काढून टाकावा. जुने 'गेट्स' हे फंक्शन इनपुटची लांबी तपासत नसल्यामुळे सी११ या भाषेच्या २०११ च्या प्रमाण आवृत्तीत भाषेतूनच काढून टाकले आहे.

स्ट्रिंगच्या शेवटी शून्य बाइट असतो आणि त्याला जागा लागते. इंग्रजी लिपीत ठाण्याचे नाव पाच अक्षरांचे आहे, म्हणून कॅर ॲरे किमान सहाचा हवा. देवनागरीत लिहिल्यास हिशेब आणखी बदलतो: यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, तीन बाइट घेते. 'कोपरखैरणे' या शब्दात अशी नऊ चिन्हे आहेत, म्हणून 'एसटीआरलेन' त्याची लांबी २७ सांगते आणि ॲरेला २८ बाइट लागतात. दोन स्ट्रिंग '==' ने तपासल्यास त्यांचे पत्ते तपासले जातात, मजकूर नव्हे; त्यासाठी 'एसटीआरसीएमपी' आहे, आणि मजकूर सारखा असल्यास ते शून्य परत करते.

पॉइंटर

येथे घाई करू नये. कागदावर प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक चौकट काढावी, तिला एक पत्ता द्यावा, आणि पॉइंटरच्या चौकटीत तो पत्ता लिहावा. कोडची एकेक ओळ वाचत चौकटी बदलत जाव्यात. दोन संख्यांची अदलाबदल करणारे फंक्शन किमती घेऊन का चालत नाही आणि पत्ते घेऊन का चालते, हे अशा चित्रावर पाच मिनिटांत उलगडते. ज्या पॉइंटरमध्ये अजून पत्ता भरलेला नाही, त्यातून लिहू नये. फंक्शनच्या आतील स्थानिक व्हेरिएबलचा पत्ता परत पाठवू नये, कारण फंक्शन संपताच ती जागा आपली राहत नाही. 'मॅलॉक'ने मेमरीत जागा मागितल्यावर नल (कोठेही न नेणारा रिकामा पत्ता) परत आला का ते पाहावे, काम झाल्यावर ती जागा परत करणारे 'फ्री' एकदाच करावे, आणि नंतर त्या पॉइंटरमध्ये नल भरावा.

अशा चुका डोळ्यांना दिसत नसतील, तर ॲड्रेस सॅनिटायझर हा मेमरीच्या चुका पकडणारा कंपाइलरचा पर्याय चालू करून कंपाइल करावे. लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग या दोन्हींत तो आहे. ॲरेच्या हद्दीबाहेरचे वाचन, फ्री केलेल्या जागेचा वापर यांपैकी काहीही घडताच प्रोग्राम तेथेच थांबतो, आणि डीबगची माहिती देणारा '-जी' पर्याय सोबत दिलेला असेल, तर फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांकही छापला जातो. न भरलेल्या व्हेरिएबलची चूक मात्र तो पकडत नाही. तिच्यासाठी तोच प्रोग्राम सॅनिटायझरविना पुन्हा कंपाइल करून व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरखाली चालवावा.