नदीतल्या दगडावरचे डायटम घरच्या घरी कसे बघायचे

नदीत उतरलं की पाय सटकतो तो दगडामुळे नाही, दगडावरच्या तपकिरी बुळबुळीत थरामुळे. आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो आणि सावरून पुढे जातो. पण त्या थरात बहुतेक वेळा डायटम म्हणजे एकपेशी सूक्ष्म शैवालं असतात, एकेका थेंबात शेकड्यांनी, आणि त्यातला प्रत्येक जीव स्वतःच्या काचेच्या डबीत राहतो. काच म्हणजे खरंच काच, सिलिकाची. मराठीत यांना करंडक वनस्पती म्हणतात आणि हे नाव मला फार आवडतं, कारण कुंकवाच्या करंड्यासारखं यांचं कवच दोन भागांचं असतं, खाली डबी आणि वर झाकण. यातला वनस्पती हा शब्द मात्र तितकासा बरोबर नाही, कारण यांचं जवळचं नातं झाडांशी नसून समुद्रातल्या तपकिरी शैवालांशी आहे. रंग तपकिरी का, तर हरितद्रव्याच्या जोडीला फ्युकोझँथिन नावाचं सोनेरी रंगद्रव्य असतं. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा साधारण पाचवा हिस्सा हे एवढेसे जीव करतात.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे उदाहरणं पंचगंगेचीच देतो, तुम्ही तुमची नदी किंवा ओढा घ्या.

कधी आणि कुठून घ्यायचं

पावसाळ्यात नको. पुरात दगड घासले जातात, उलटेपालटे होतात, सगळा थर धुवून जातो. दिवाळीनंतर पाणी निवळतं, मग तीनेक आठवडे पाणी स्थिर राहिलं की थर परत बसतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. जागा अशी बघा की पाणी घोट्यापासून गुडघ्याएवढं आहे, वाहतंय, ऊन पडतंय आणि दगड नक्की पाण्याखालीच होता, म्हणजे काल-परवा उघडा पडून सुकलेला नको.

सामान अगदी साधं लागतं: जुना टूथब्रश, पांढरी प्लास्टिकची थाळी, झाकणाची छोटी बाटली, पेन्सिल आणि कागदाची चिठ्ठी. शाईच्या पेनाने लिहू नका, ओली झाली की चिठ्ठी वाचता येत नाही आणि मग त्या सँपलचा काहीच उपयोग उरत नाही. वेगवेगळ्या ठिकाणचे मुठीएवढे पाच दगड उचला, नुसते पाण्यात हलवून वरची सैल माती जाऊ द्या, मग थाळीत थोडं पाणी घेऊन दगडाची फक्त वरची बाजू ब्रशने घासा. थाळीतलं पाणी चहासारखं तपकिरी होतं. ते बाटलीत भरा, अर्धी बाटली रिकामी ठेवा म्हणजे आतल्या जिवांना हवा मिळेल. दुसऱ्या ठिकाणी तोच ब्रश वापरू नका, नाहीतर वरच्या गावचे डायटम खालच्या गावच्या बाटलीत जातात. आणि जिथे सांडपाणी मिसळतं तिथे हातमोजे घालाच, घरी येऊन साबणाने हात धुवा, यात आळस करू नका.

आधी जिवंत बघा

बरेच जण थेट कवच साफ करायला लागतात, ते नका करू. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी (तोवर बाटली फ्रीजमध्ये, झाकण सैल), एक थेंब स्लाइडवर घ्या, कव्हरस्लिप (वरची पातळ काच) एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोडा म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. शाळा-कॉलेजात असतो तो साधा मायक्रोस्कोप पुरतो, १०एक्सच्या ऑब्जेक्टिव्हने (स्लाइडजवळच्या भिंगाने) शोधायचं आणि ४०एक्सने बघायचं. ओळखीच्या शाळेच्या प्रयोगशाळेत विचारून बघा. स्टॅनफर्डला मनू प्रकाश यांच्या टीमने केलेला कागदी फोल्डस्कोप मिळाला तर त्यातही मोठे डायटम दिसतात.

पहिल्यांदा सगळा गाळच दिसेल, घाबरू नका, दोन-चार मिनिटं नुसतं बघत बसा. मग गाळातला एक कण स्वतःहून सरकायला लागतो. होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकं निमुळती, आत सोनेरी रंगाचे दोन लांबट पट्टे, हा नॅव्हिक्युला. पाय नाही, शेपटी नाही, तरी तो सरळ रेषेत घसरत जातो, वाळूच्या कणाला धडकला की क्षणभर थांबतो आणि वळत नाही, तसाच उलटा मागे येतो. कवचाला मधोमध एक बारीक चीर असते, तिला राफे म्हणतात, तिथून चिकट द्रव बाहेर सोडून तो जमिनीला धरून सरकतो. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं होतं.

त्याच थेंबात बाकीचेही भेटतील. चार हिरव्या पेशी शेजारी शेजारी चिकटलेल्या आणि कडेच्या दोघींना काटे, ती सीनडेस्मस, ही हिरवी शैवालं. चंद्रकोरीसारखी हिरवी क्लोस्टेरियम दिसली तर तिच्या टोकांकडे नीट बघा, तिथे छोट्या पोकळीत बारीक स्फटिक सतत थरथरत असतात. निळसर हिरवा धागा सावकाश डोलत असेल तर ती ऑसिलेटोरिया, आणि ती शैवाल नाही, जीवाणू आहे, म्हणजे एकाच थेंबात नात्याने एकमेकांपासून कितीतरी लांबची ही सगळी मंडळी दिसतात आणि आपण सगळ्यांना शेवाळ म्हणून मोकळे होतो.

जिवंत बघण्याचं अजून एक कारण आहे. रिकामी कवचं वरून वाहत पण येतात. सोनेरी रंग आत असेल तरच तो डायटम तिथे राहतोय असं धरायचं.

कवच साफ करणं

नक्षी बघायची तर आतला जीव आणि चिकटा काढावा लागतो. लॅबमध्ये ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड तापवून किंवा कडक आम्ल वापरून करतात, ते घरी अजिबात करू नका, कातडी भाजते. मेडिकलमध्ये ६ टक्क्यांचं मिळतं, ते चालतं, फक्त वेळ लागतो. दख्खनच्या पाण्यात चुना बराच, म्हणून आधी गाळात थोडं पांढरं व्हिनेगर टाका, फसफसणं थांबलं की तीन वेळा साध्या पाण्याने धुवा. व्हिनेगर पूर्ण निघाल्याशिवाय पेरॉक्साइड घालायचं नाही. मग उंच काचेच्या ग्लासात चमचाभर गाळ, त्यावर चार-पाच चमचे पेरॉक्साइड, वर नुसती बशी झाकायची, घट्ट झाकण नको कारण गॅस सुटतो. मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. चार-पाच दिवसांत तपकिरी गाळ फिकट राखाडी होतो, नाही झाला तर वरचं ओतून नवीन घाला.

आता धुणं. ग्लास आरओच्या पाण्याने भरा आणि रात्रभर हलवू नका. पाण्याच्या उंचीच्या दर सेंटीमीटरला एक तास असा हिशोब ठेवला तर डायटम तळाला बसतात. सकाळी वरचं पाणी अलगद ओता, परत भरा, असं चार वेळा. माझं पहिलं सँपल मी घाईत दोन तासांत ओतलं आणि अर्धे डायटम बेसिनमध्ये गेले.

शेवटी एक थेंब कव्हरस्लिपवर ठेवून सावलीत सुकू द्या, जवळजवळ न दिसणारा पांढुरका पापुद्रा राहिला पाहिजे, जाड पांढरा डाग पडला तर पाणी घालून पातळ करा. सुकलेली बाजू खाली करून कव्हरस्लिप स्लाइडवर ठेवा, कडा नेलपॉलिशने बंद करा, मध्ये पाणी घालायचं नाही. पाण्यात सिलिका फिकी दिसते, हवेत मात्र रेघा उठून दिसतात.

ओळखायचं कसं

नावं पाठ करत बसू नका, आकारावरून सुरुवात करा. गोल ताटलीसारखा असेल तर सायक्लोटेला. डब्यांची उतरंड आडवी ठेवावी तशी साखळी असेल तर मेलोसिरा. हे दोन्ही गोल गटातले, त्यांना राफे नसते. लांबट असेल तर दोन्ही टोकं सारखी का ते बघा: सारखी आणि होडीसारखी, नॅव्हिक्युला, एक टोक रुंद एक अरुंद, गोम्फोनेमा, एक बाजू फुगीर दुसरी सपाट म्हणजे अगदी करंजी, सिंबेला, आणि सडपातळ असून एका कडेला ठिपक्यांची रांग असेल तर निट्झशिया. एवढं जमलं तरी तुम्ही जातीपर्यंत नाही पण प्रजातीपर्यंत (म्हणजे जीनसपर्यंत) पोचलात, घरच्या मायक्रोस्कोपवर त्याच्या पुढे खात्रीने जाता येत नाही.

एकच जात लहानमोठी दिसली तर गोंधळू नका. विभागणी होताना डबी एकीकडे आणि झाकण दुसरीकडे जातं, आणि दोघंही जुना भाग झाकण म्हणून धरून आतला नवा छोटा भाग तयार करतात. त्यामुळे पिढ्यांमागून पिढ्या आकार घटत जातो, फार लहान झाले की लैंगिक प्रजनन होऊन परत मोठी पेशी तयार होते.

आता दोन जागा ताडून बघा. प्रयाग चिखलीच्या (जिथे उपनद्या मिळून पंचगंगा होते) वर कासारी किंवा भोगावतीच्या वाहत्या पात्रातून एक सँपल घ्या आणि कोल्हापूर शहराच्या खालून पंचगंगेचं दुसरं. प्रत्येकी निदान शंभर मोजा, तज्ज्ञ लोक तीनशे-चारशे मोजतात. स्वच्छ, वाहत्या, भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यात अक्नँथिडियम मिन्युटिसिमम सारखे बारीक डायटम खूप, तर मैलापाण्यात निट्झशिया पालिया आणि गोम्फोनेमा पार्व्ह्युलम टिकून राहतात, बाकीचे कमी होत जातात. केमिकल टेस्ट त्या दिवशीचं पाणी सांगते, दगडावरचा थर मागच्या काही आठवड्यांचं सांगतो. मात्र एका बाटलीवरून नदीबद्दल निकाल देऊ नका, तीच जागा शिमग्याच्या सुमाराला पुन्हा बघा.

स्लाइडवर नदी, गाव, दगड की काडी, तारीख एवढं लिहून डब्यात ठेवा, सिलिका कुजत नाही. डायटमचे अभ्यासक एच. पी. गांधी यांनी १९५८ मध्ये कोल्हापूर परिसरातले आणि १९५९ मध्ये पन्हाळगडावरचे डायटम नोंदवून ठेवलेत, म्हणजे पन्हाळ्याच्या एखाद्या तळ्यातून आज कोणी थेंब काढला तर त्याला साठहून जास्त वर्षांपूर्वीच्या यादीशी ताडून बघता येतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर काम चालतं, अडलेल्या स्लाइडचा फोटो जाणकारांना दाखवायचा तर त्यात मापाची रेघ (स्केल बार) येईल असं बघा, मापाशिवाय कोणालाच नाव सांगता येत नाही.